बर्ट मन्रो : ६०० सीसीपासून ९५० सीसीपर्यंत



आठवी-नववीच्या मुलांच्या गप्पा मधल्या सुट्टीत तुम्ही कधी कान देऊन ऐकल्या आहेत का? कुणाच्या तरी दादानं गाडीचं इंजिन बोअर करून घेतलेलं असतं, कुणाचा मामा लांबच्या टूरसाठी बिग बोअर किट बसवणार असतो. मोठं सिलिंडर, मोठा पिस्टन, नव्या रिंगा, गॅस्केट असा तयार संच येतो, मेकॅनिक तो बसवतो आणि गाडी सुसाट पळते, एवढीच मुलांची समजूत असते. त्यात त्यांची काही चूक नाही. व्हिडिओत त्यांना तेवढंच दिसतं.

या मुलांना सांगता येईल असं एक चरित्र आज तुमच्यासमोर ठेवत आहे. न्यूझीलंडचे बर्ट मन्रो. त्यांच्यावर २००५ साली चित्रपट निघाला, त्यात अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका केली. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. पण चित्रपटात एका म्हाताऱ्याचा एक प्रवास आणि एक विजय दिसतो. खरी गोष्ट त्याहून बरीच लांब आहे, आणि माझ्या मते वर्गात सांगण्यासारखा भाग या लांबीतच आहे.

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिल या गावी झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच गेली. बालपण जवळच्या एडनडेल भागात, वडिलांच्या शेतावर गेलं. वेगाचं वेड लहानपणापासूनच. शेतावरच्या घोड्यांपैकी सर्वांत वेगवान घोडा घेऊन दौडत जायचं आणि वडिलांची बोलणी खायची, हा नित्यक्रम होता. अशी मुलं आपल्या प्रत्येकाच्या वर्गात एकदोन असतातच.

१९२० साली त्यांनी एक नवी मोटारसायकल घेतली. कंपनीचं नाव इंडियन, मॉडेलचं नाव स्काउट. इथं मुलं हमखास फसतात, म्हणून आधीच सांगून टाका : या इंडियनचा आपल्या देशाशी संबंध नाही. ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डची कंपनी, आणि नाव अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून घेतलेलं. स्काउटची रचना चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश इंजिनिअरची. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके बसवलेले, क्षमता साधारण ६०० सीसी, हातानं टाकायचे तीन गिअर. रस्त्यावर रोज वापरायची, लांब पल्ल्याला न्यायची भरवशाची गाडी म्हणून तिचं नाव होतं. सर्वाधिक वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर.

त्या काळी हा वेग काही कमी नव्हता, पण मन्रो यांना तो पुरेना. १९२६ च्या सुमारास त्यांनी गाडी उघडली आणि तिच्यात बदल करायला सुरुवात केली. ते काम पुढची चाळीसएक वर्षं चाललं. वडिलांच्या शेतावरचं काम, महामंदीच्या काळात पुन्हा शेतावर परतणं, मग मोटारसायकलींचा विक्रेता आणि मेकॅनिक म्हणून नोकरी, हे सगळं दिवसा. रात्री इंजिन. कितीतरी रात्री ते जागेच असत आणि सकाळी तसेच कामावर जात.

आता जरा फळ्याकडे वळू. दहावीच्या गणित भाग २ मध्ये महत्त्वमापनाचं प्रकरण आहे. त्यातली वृत्तचिती आठवा. इंजिनाचं सिलिंडर ही आतून पोकळ वृत्तचितीच. तिच्या आतल्या व्यासाला मेकॅनिक बोअर म्हणतात, आणि पिस्टन, म्हणजे आपल्या पुस्तकांतला दट्ट्या, जेवढं अंतर वरखाली जातो त्याला स्ट्रोक. स्काउटचा बोअर जवळपास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक जवळपास ७८ मिलिमीटर होता. त्रिज्या ३.५ सेंमी घेतली तर वर्ग १२.२५, त्याला २२/७ नं गुणलं की ३८.५, त्याला ७.८ नं गुणलं की ३००.३ घनसेंमी. सिलिंडर दोन, म्हणून ६००.६. घनसेंमी म्हणजेच सीसी. गाडीच्या जाहिरातीतला हा आकडा घनफळाचा आहे, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मग मुलांना विचारा, त्रिज्या फक्त अर्धा सेंमी वाढवली, ४ सेंमी केली, तर काय होईल? उत्तर येतं ७८४ च्या थोडं वर. व्यास १४ टक्के वाढला, घनफळ मात्र तब्बल ३१ टक्के वाढलं, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. बिग बोअर किटचं सगळं आकर्षण या वर्गात आहे. थोडंसं कोरलं की पुष्कळ जागा मिळते, पुष्कळ हवा आणि पेट्रोल आत येतं, स्फोट मोठा होतो.

पण तो वर्ग दुसऱ्या बाजूनंही हिशेब मागतो. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ वाढलं की तेवढ्याच दाबाला त्याच्यावर येणारं बलही वाढतं. हे बल कनेक्टिंग रॉडवर जातं, रॉडकडून क्रँकवर, क्रँककडून बेअरिंगवर, पुढे क्लच आणि गिअरवर. सिलिंडर आतून कोरलं तर त्याची भिंत पातळ होते. मोठा पिस्टन जड असतो, त्यामुळे थरथर वाढते. उष्णता वाढते, तिच्यासाठी तेल जास्त लागतं, आणि तेल पोचवणारी व्यवस्था जुनीच असते. थोडक्यात, एक भाग बळकट केला की दुबळेपणा शेजारच्या भागात सरकतो. मन्रो यांची चाळीस वर्षं या सरकणाऱ्या दुबळेपणाचा पाठलाग करण्यात गेली, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांच्याकडे किट नव्हतं. पुढे तर सुटे भागही मिळेनात, कारण इंडियन कंपनीचं उत्पादन १९५३ साली बंद पडलं. पैसेही बेताचे. त्यामुळे जे हवं ते स्वतःच करायचं. जुन्या डब्यांचा साचा म्हणून वापर करून त्यांनी पिस्टन ओतले. सिलिंडरसाठी ओतीव लोखंडाचे जुने गॅसचे नळ वापरले. ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून कनेक्टिंग रॉड कोरून काढले. फ्लायव्हील, कॅम, तेल फिरवण्याची व्यवस्था, सगळं घरचं. मूळ इंजिनात दोन कॅम होते, त्यांनी चार कॅमची रचना केली. मूळ वॉल्व सिलिंडरच्या बाजूला होते, ते त्यांनी डोक्यावर आणले, म्हणजे इंजिनाला श्वास घेणं सोपं झालं. आणि मोजमाप? सायकलच्या चाकात असते तशा एका जुन्या स्पोकचा मायक्रोमीटरसारखा उपयोग ते करत. आपल्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर नाही म्हणून प्रयोग पुढे ढकलणाऱ्या आपल्या सर्वांना हा स्पोक थोडा टोचायला हरकत नाही.

हे ऐकून असं वाटेल की माणूस जादूगार होता, हात लावीन ते जमायचं. तसं नव्हतं. इंजिन वारंवार फुटत असे. पिस्टन वितळले, रॉड तुटून केसिंगच्या बाहेर आले, वॉल्व वाकले. हे मोडके भाग त्यांनी फेकले नाहीत. गॅरेजमधल्या फळीवर ओळीनं मांडून ठेवले आणि त्या फळीला वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य असं गमतीचं नाव दिलं. १९७१ साली रॉजर डोनल्डसन यांनी त्यांच्यावर जो माहितीपट केला त्याचं नावही याच कल्पनेवरून आहे, आणि पुढे २००५ चा चित्रपटही याच डोनल्डसन यांनी दिग्दर्शित केला.

माझं एक मत सांगू का? आपल्या शाळेत विज्ञान प्रदर्शनात फक्त चालणारी मॉडेल मांडली जातात. न चाललेली मॉडेल आदल्या रात्री घरी जातात, आणि बऱ्याचदा त्यांच्याबरोबर ते मूलही गप्प होऊन घरी जातं. मन्रो यांच्या फळीसारखी एक फळी प्रयोगशाळेत असावी, असं मला फार वाटतं. भाग कुठं तुटला, कसा तुटला, हे बघूनच पुढचा भाग कसा करायचा ते त्यांना कळत होतं. लिहिलेली वही परत मिळते तशी ती फळी होती.

या सगळ्याची किंमत होती, आणि ती लपवून हे चरित्र सांगू नये. मन्रो यांचं लग्न झालं होतं, चार मुलं होती. रात्रंदिवस गॅरेजमध्ये असलेला नवरा आणि बाप घरात किती असणार? संसार टिकला नाही. पुढे ते गॅरेजवजा खोलीतच राहू लागले. एका बाजूला झोपायची जागा, बाकी सगळी मोटारसायकल आणि हत्यारं. मुलांना चरित्र सांगताना आपण जिद्द, चिकाटी असे शब्द पटकन वापरतो आणि त्या चिकाटीचा खर्च कुणी भरला हे सांगायचं राहून जातं. मोठ्या मुलांना तरी ते सांगावं. नववी-दहावीची मुलं यावर फार शहाण्यासारखं बोलतात, असा अनुभव तुम्हालाही येईल.

इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबच लांब समुद्रकिनारा आहे. ओहोटीला वाळू कठीण होते, तिथं शर्यती होत. मन्रो यांनी तिथं आणि देशात इतरत्र वेगाचे राष्ट्रीय विक्रम केले, पहिला १९३८ साली. पण किनारा कितीही लांब असला तरी अशा गाडीला तो अपुरा. वेग पकडायला आणि मग थांबायलासुद्धा मैलोगणती सपाट जागा लागते. अशी जागा अमेरिकेतल्या युटा राज्यात आहे, बॉनव्हिल. आटलेल्या प्राचीन सरोवराच्या जागी मिठाचा टणक पांढरा थर. नजर जाईल तिथवर झाड नाही, घर नाही.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना हृदयविकार असल्याचं निदान झालं. वय साठीच्या आसपास. आपल्याकडे या वयाच्या माणसाला आपण जिना चढू देत नाही. मन्रो यांनी यानंतर बोटीनं अमेरिकेच्या वाऱ्या केल्या, बॉनव्हिलला ते एकूण दहा वेळा गेले. चित्रपटात या दहा वाऱ्यांची एक झाली आहे.

१९६२ साली, इंजिन ८५० सीसीपर्यंत वाढवून, त्यांनी ८८३ सीसीच्या गटात ताशी १७८.९५ मैलांचा विक्रम केला. किलोमीटरमध्ये २८८. पुढचा विक्रम १९६६ चा, १००० सीसीच्या गटातला. तोवर इंजिन ९०० सीसीच्या पुढे गेलं होतं. वेग किती असेल, असं मुलांना विचारा. सगळे १७८ पेक्षा मोठा आकडा सांगतील. प्रत्यक्षात तो होता १६८.०७ मैल. इंजिन मोठं, वेग कमी. हा आकडा गाळू नका. मिठाची अवस्था, वारा, गाडीचा तोल, कार्बोरेटरचं जुळणं, त्या दिवशीचं इंजिनाचं आरोग्य, असं सगळं जमून यावं लागतं, आणि सीसी त्यातली फक्त एक गोष्ट आहे. त्यात बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून जवळजवळ १३०० मीटर उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या आसपास. तिथली हवा विरळ. इन्व्हरकार्गिलच्या समुद्रकाठी जुळवलेलं इंजिन इथं त्याच प्रमाणात हवा-इंधन घेईल कसं? सगळं नव्यानं जुळवावं लागतं.

१९६७ साली इंजिन ९५० सीसीचं झालं होतं. मन्रो ६८ वर्षांचे, गाडी ४७ वर्षांची. माशासारख्या निमुळत्या कवचात ते जवळजवळ पालथे झोपून गाडी चालवत. विक्रमासाठी एकाच दिशेची धाव पुरत नाही. तेच अंतर उलट दिशेनंही धावावं लागतं आणि दोन्हींवरून सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा वजा होतो. १००० सीसीच्या आतल्या गटात त्यांची सरासरी नोंदली गेली ताशी १८३.५८६ मैल, सुमारे २९५ किलोमीटर. पात्रता फेरीतल्या एका दिशेच्या धावेत तर त्यांनी १९०.०७ मैल गाठले. चित्रपटातला आकडा २०० मैलांच्या वर जातो, तो चित्रपटाचा. नोंदीतला विक्रम हा.

त्याच वर्षीच्या एका धावेत गाडी निम्म्या वाटेत डगमगू लागली. वेग कमी व्हावा म्हणून ते कवचातून उठून ताठ बसले, तर वाऱ्यानं डोळ्यांवरचा चश्मा उडवून नेला आणि दिसेनासं झालं. गाडी मार्ग सोडून भरकटली, खुणेचा एक लोखंडी खांब थोडक्यात चुकला. शेवटी त्यांनी गाडी आडवी पाडली. चारदोन खरचटण्यांवर निभावलं. मुलांना हा प्रसंग फार आवडतो, पण त्याच्या जोडीला हेही सांगा की तिथं समोरून येणारं एकही वाहन नव्हतं, रस्ता ओलांडणारं कुणी नव्हतं, आणि जीव धोक्यात होता तो फक्त चालवणाऱ्याचा.

आता पुन्हा फळ्यावर या. वेग ८९ वरून २९५ झाला, म्हणजे ३.३ पट. वेगवान वाहनाची ताकद मुख्यतः हवा कापण्यात खर्च होते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३.३ चा घन जवळपास ३६. म्हणजे आकार तोच ठेवला तर ३६ पट शक्ती हवी. इंजिन मात्र ६०० चं ९५० झालं, म्हणजे १.६ पटसुद्धा नाही. मग उरलेलं कुठून आलं? थोडं त्या निमुळत्या कवचातून, कारण त्यानं हवेचा विरोध घटवला. बाकीचं डोक्यावर आणलेल्या वॉल्वमधून, कॅममधून, जास्त फेरे सोसणाऱ्या रॉड आणि फ्लायव्हीलमधून, तेलाच्या व्यवस्थेतून. इंजिन दर मिनिटाला जास्त वेळा श्वास घेऊ लागलं आणि प्रत्येक श्वास भरभरून घेऊ लागलं. बोअर वाढवणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत सोपं काम होतं. मधल्या सुट्टीतल्या गप्पांना यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

पालकांसाठी एक गोष्ट इथंच सांगते, विषय निघालाच आहे म्हणून. मन्रो यांची गाडी विक्रमासाठी मिठावर धावली. आपली गाडी रस्त्यावर धावते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही, आणि इंजिनाची क्षमता हा नोंदणी पुस्तकातला तपशील आहे. अपघात झाला तर विमा कंपनीकडून दावा नाकारला जाऊ शकतो. वाढवलेल्या इंजिनाला जुनेच ब्रेक असतात, हे तर कायद्याच्याही आधी लक्षात घ्यायला हवं. मुलाला इंजिन उघडायची खरोखर हौस असेल तर एखादं भंगारातलं इंजिन आणून द्या. हजार-दोन हजारांत वर्षभराचं शिक्षण होतं, अंगणात थोडं तेल सांडेल एवढंच.

१९७७ मध्ये मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा मेळ पूर्वीसारखा राहिला नाही, गाडी चालवणं संपलं. आपल्या मोटारसायकली आपल्याच भागात राहाव्यात अशी त्यांची इच्छा होती, म्हणून स्काउट आणि त्यांची दुसरी लाडकी गाडी, १९३६ ची व्हेलोसेट, दोन्ही त्यांनी इन्व्हरकार्गिलमधल्याच एका व्यापाऱ्याला, नॉर्मन हेज यांना विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, मन्रो गेले. २००६ साली अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनच्या सन्मान दालनात त्यांचं नाव लागलं.

या असोसिएशनच्याच संदर्भात गणिताच्या शिक्षकांसाठी एक शेवटची गंमत. १९६७ च्या विक्रमाचा हिशेब चुकला होता, हे मन्रो यांच्या मुलाच्या पुढे लक्षात आलं. त्यानं ते कळवलं, आकडेमोड पुन्हा झाली आणि २०१४ साली, वडील जाऊन ३६ वर्षं झाल्यावर, विक्रम १८३.५८६ ऐवजी १८४.०८७ मैल असा दुरुस्त झाला. सरासरी वेगाचं नेहमीचं उदाहरण, जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४०, फळ्यावर घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही. निम्मा वर्ग ५० सांगेल. ४८ कसे येतात ते मुलांनाच शोधू द्या.

स्काउट अजून इन्व्हरकार्गिलमध्येच आहे. हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, विक्रीला ठेवलेल्या हत्यारांच्या आणि अवजारांच्या सोबतीनं ती उभी असते, आणि खिळे-स्क्रू घ्यायला आलेल्या कुणालाही ती बघता येते.